पगारवाली

"दादा, साबण संपलाय."

आत्याचा हा आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. समोरच्या माणसांचे आवाज पुसट होत चालले आहेत, हा मात्र लख्ख. बाबा आरशासमोर दाढी करत असायचे आणि आत्या दाराच्या चौकटीला खांदा टेकवून उभी राहायची. पैसे हा शब्द तिने जन्मात उच्चारला नाही. साबण संपलाय, दोरा संपलाय, डोक्याचं तेल संपलंय. संपलेल्या वस्तूचं नाव घ्यायचं आणि गप्प उभं राहायचं. बाबा वाईट नव्हते. ते फक्त लगेच वळायचे नाहीत. एक गाल पुरा करायचे, मग दुसरा, मग हनुवटीखालचा नाजूक भाग, आणि तेवढा वेळ आत्या आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची, जणू तोही संपत आलाय की काय ते तपासत असावी. नवऱ्याने तिला परत पाठवलं होतं. का, ते घरात कुणी बोलायचं नाही. आमच्याकडे ती सगळं करायची, म्हणजे अगदी सगळंच, आणि कपडे धुताना गायची. दारात उभी बाई, तिची सावली घरात, सावलीला मान दिला, बाई राहिली दारात. मला ते तेव्हा विनोदी वाटायचं. सावलीला कुठे मान देतात का, म्हणून मी खो खो हसायचे, आणि ती फेसाळ हात माझ्या नाकाला लावून म्हणायची, "देतात गं बाई. सावली जेवत नाही ना, म्हणून देतात."

ह्यांचा सीए घरी आला त्या संध्याकाळी मला आत्या आठवायचं काहीच कारण नव्हतं. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, कप ठेवले, आणि त्याने बिस्किट चहात बुडवत माझ्याकडे बघून विचारलं, "काय वहिनी, पार्टी कधी?"

"कसली पार्टी?"

"म्हणजे? साहेबांनी सांगितलं नाही? यंदा तुमचा पगार वाढवलाय मी. घसघशीत!"

हे हसले. सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेली माझी मुलगी फोनमधून डोकं वर न काढता हसली. मीही हसले. हसण्याच्या बाबतीत मी कधी कुणाला उपाशी पाठवलेलं नाही. मग आत जाऊन नळ सोडला आणि हात पाण्याखाली धरून उभी राहिले, धुवायला काही नव्हतं तरी. नवीन असं काय सांगितलं होतं त्याने? ह्यांची इमारतींच्या लिफ्टची देखभाल करणारी कंपनी आहे आणि तिच्या कागदांवर मी सल्लागार आहे, हे मला माहीत होतं. वर्षातून एकदा जेवणाच्या टेबलावर गठ्ठा यायचा आणि ह्यांचं बोट कागदावर पडायचं: इथं. इथं. आणि इथं. मी सही करायचे. गॅसवर दूध असायचं, कान तिकडे असायचा. कर वाचतो, सगळेच करतात, बायका असतातच कशासाठी, असं एकदा हेच म्हणाले होते आणि तेव्हाही सगळे हसले होते. पण कागदावरची गोष्ट कागदावर असते. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा कुणीतरी तोंडाने उच्चारली, माझ्या उजव्या कानाच्या बाजूला बसून, स्वच्छ: तुमचा पगार. आणि मला असं झालं की दारावरची बेल वाजली आहे, मी उघडायला गेले आहे, आणि समोर माझ्याच तोंडवळ्याची एक बाई खांद्याला पर्स लावून उभी आहे. ऑफिसातून आलेली. दमलेली. घरात येताना माझ्याकडे बघून ओळखीचं हसावं एवढीही तिला गरज वाटत नाही.

उजवा कान असं मी म्हटलं, कारण डावा गेल्यातच जमा आहे. एका तापात तो गेला. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं होतं आणि म्हणाल्या होत्या की यंत्र लावायला उशीर करू नका. कान ऐकायचा थांबला की डोकं शब्द विसरायला लागतं. मग पुढे यंत्र लावलं तरी नुसता आवाज येतो, त्यातला शब्द उकलत नाही. "आणि उजवाही उतरतोय बरं का," त्या म्हणाल्या, "हळूहळू. पण उतरतोय." घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवलं की तोंड कडू होतं. मी म्हटलं, "अहो, डावा कान संपलाय." आणि गप्प उभी राहिले.

हे वाईट नाहीत. हात उगारणं नाही, दारू नाही, बाहेरची भानगड नाही. शेजारच्या बायका म्हणतात, तुझं बरं आहे गं. हे तेव्हा टीव्हीसमोर नवे स्पीकर जोडत होते, माणसाच्या कमरेएवढे उंच, त्यांच्या तारा फरशीभर पसरलेल्या. त्या तारांतून वर न बघता म्हणाले, "दिवसभर घरात तर असतेस. तुझ्याशी बोलायला येतं कोण?" त्यात राग नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. मग म्हणाले, "बघू. एवढा मोसम जाऊ दे." ह्यांचे मोसम असतात, मोठ्या इमारतींची कंत्राटं बदलायचे. एक गेला, दुसरा गेला. मी आठवण केली की म्हणायचे, "लक्ष देऊन ऐकलंस तर येतं ऐकू. तुझं लक्षच नसतं." मग मी लक्ष द्यायला शिकले. ओठ बघायला शिकले. आणि घरातली माणसं काय शिकली, तर माझ्या डाव्या बाजूला बसायला. जेवताना दोघं बापलेक डावीकडे बसतात. तिकडे काहीतरी चालू असतं, घास खाली ठेवून हसणं असतं, आणि मी मान वळवली की संपलेलं असतं. "काय झालं?" विचारलं तर मुलगी म्हणते, "काही नाही गं आई, तुला नाही कळायचं, मोठी गोष्ट आहे." मोठी म्हणजे लांबलचक, पुन्हा सांगायचा कंटाळा येईल अशी. माझ्याच पोटची. लहानपणी माझ्या ह्याच कानात तोंड घालून गुपितं सांगायची, थुंकी उडायची, गुदगुल्या व्हायच्या.

सीए जाता जाता म्हणाला की एक किरकोळ काम आहे. वरच्या ऑफिसातून, म्हणजे इन्कम टॅक्समधून, बोलावणं आलंय. काही नावं काढलीत त्यांनी, घरच्यांचे पगार खरे की खोटे ते विचारणार. "वहिनींना फक्त जाऊन बसायचंय. काय काम करता, कुठे बसता, एवढंच विचारतील. घाबरायचं नाही."

"ती कशाला घाबरतेय?" हे म्हणाले. "तिला ऐकूच जाणार नाही अर्धं!"

दाराशी दोघं पुन्हा हसले. सीएने निदान चपला घालण्याचं निमित्त करून मान खाली घातली.

त्या रात्रीपासून ती बेल वाजवणारी बाई घरात राहायला आली. मी तिचं नाव पगारवाली ठेवलं. आधी ती लांबच असायची, सकाळी बाहेर पडायची, मी ओटा पुसत असताना जिन्यावरून तिच्या टाचांचा आवाज उतरत जायचा. डाव्या बाजूने. गंमत म्हणजे तिचं सगळं मला डाव्या कानाने ऐकू यायचं. मग ती दुपारीही दिसायला लागली. मी भाजीवाल्याशी घासाघीस करत असले की शेजारी उभी राहून पर्समधून चटकन नोट काढायची, उरलेले परत घ्यायलाही थांबायची नाही. तिला कपाळावर आठी नव्हती. माझ्या कपाळावरची उभी आठी कुणाला काही विचारायच्या आधीची आहे. आता विचारू की जेवण झाल्यावर, आज की उद्या, ह्यांचा मूड कसा आहे, फोनवर बोलताना आवाज चढलेला होता का? ह्या विचारानेच ती पडली आहे, तिला घडी म्हणावं इतकी जुनी. पगारवालीचं कपाळ इस्त्री केल्यासारखं. मला तिचा हेवा वाटला. हेवा म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं. बहिणीचा, जावेचा, मैत्रिणींचा वाटतो तो नुसता चिमटा असतो. हा आतून कुरतडणारा होता, कारण तिच्याकडे जे होतं ते माझंच होतं. माझ्या सहीवर उभी होती ती. मी हात आखडला असता तर ती जन्मलीच नसती.

मीही कधी कमावलं होतं. लग्नाआधी, एका बालवाडीत. मुलांची नाकं पुसायची, गाणी शिकवायची. पहिला पगार पाकिटात मिळाला तो मी रस्ताभर छातीशी धरून आणला आणि बाबांच्या हातात दिला. बाबांना भरून आलं. त्यांनी पाकीट उघडलं, त्यातली एक नोट काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "घे, तुला खाऊला." आत्या तेव्हा दारातच उभी होती. ती माझ्या तळहाताकडे अशी बघत होती की मी मूठ मिटून घेतली. मला वाटलं होतं तिला ती नोट हवी आहे. किती मूर्ख असतो आपण त्या वयात, आणि किती कंजूष.

एक दिवस जेवताना मी विचारलं. जेवणाच्या मध्यावर, आमटी चांगली झाली होती, ह्यांनी दोनदा घेतली होती. "अहो, माझा जो पगार निघतो, त्यातूनच कानाचं यंत्र घेऊया का?"

ह्यांनी हात थांबवला. मुलीनेही. मग हे अगदी प्रेमाने म्हणाले, "वेडी आहेस का? तो पगार जातो कुठे माहीत आहे? घराचा हप्ता त्यातून. किराणा त्यातून. ही आमटी त्यातून. तू तुझ्याच पगारात जेवतेस, बाई! एवढी स्वाभिमानी बायको शोधून सापडायची नाही." आणि पोरीकडे वळून, "काय गं? आईच आपल्याला पोसते की नाही?"

"थँक्यू आई," पोरगी म्हणाली आणि हात जोडले. तिचा बाप असा हसला की त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं. घर कुणाच्या नावावर आहे ते विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण ठसका लागलेल्या माणसाला काय विचारायचं? पगारवाली समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसली होती. तिने ताटातली कोशिंबीर बाजूला सारली आणि म्हणाली, तू अजून विचारतेसच?

मग रंगीत तालीम झाली. सीए अधिकारी झाला, डायनिंग टेबलाच्या टोकाला बसला, नाकावर चष्मा खाली ओढला. मुलगी प्रेक्षक. काय काम करता? कर्मचाऱ्यांच्या अडचणी बघते, इमारतींच्या सोसायट्यांकडून तक्रारी येतात त्या ऐकून घेते. "ऐकून घेते नको," हे मध्येच म्हणाले, "वाचते म्हण. वाचते. तुझा कान त्यांच्या लक्षात आला तर पंचाईत." वाचते. किती वाजता जाता? घरचं आवरून, सकाळीच. पगाराचं काय करता? घराला हातभार लावते. पहिल्या दिवशी मी अडखळले. दुसऱ्या दिवशी सीएने विचारायच्या आधी पगारवाली माझ्या तोंडात येऊन बसली. मी सांगत सुटले. माझ्या टेबलापाशी खिडकी आहे, दुपारी त्यातून ऊन येतं म्हणून पडदा ओढावा लागतो, चहा फार गोड करतात, मी दोनदा सांगितलं. शेजारच्या इमारतीतल्या एका म्हाताऱ्याची तक्रार रोज येते की लिफ्ट त्याच्या मजल्यावर थांबते पण दार उघडायला वेळ लावते. सीए बघतच राहिला. "वहिनी, तुम्ही नाटकात होतात का?"

"आई, तू किती भारी खोटं बोलतेस गं!" मुलीच्या डोळ्यांत कौतुक होतं. मी तिला एवढी आवडलेली मला कित्येक वर्षांत आठवत नाही. बाप तर खूशच झाला. हे माझ्या उजव्या बाजूला येऊन, मुद्दाम त्या बाजूला येऊन, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे नीट पार पाड. त्याच दिवशी यंत्र घेऊ. दोन्ही कानांना. सगळ्यात चांगलं." आणि हे जे एकदा बोलतात ते करतात, एवढं मी त्यांच्याबद्दल नक्की सांगेन. फुकट काही देत नाहीत, पण ठरलेलं बुडवत नाहीत.

जायच्या आदल्या आठवड्यात मला टेबल दाखवायला ऑफिसात नेलं. वीस वर्षांच्या संसारात मी तिथे पहिल्यांदा गेले. दोन खोल्या, भिंतीवर लिफ्टच्या दोरांचे तुकडे टांगलेले, तेलाचा वास. कोपऱ्यातल्या एका टेबलावरचा मोडका प्रिंटर हलवून त्यावर माझ्या नावाची पाटी ठेवली होती. खिडकी नव्हती. मला त्याचं फार वाईट वाटलं, माझ्यासाठी नाही, पगारवालीसाठी. हे आत फोनवर गेले आणि मी तिच्या खुर्चीत बसले. बाहेर बसणारी मुलगी चहा घेऊन आली. विशीची असेल, ड्रेसची ओढणी पिन लावून घट्ट बसवलेली. कप ठेवला, पण गेली नाही.

"मॅडम, तुम्हीच होय?"

"मीच म्हणजे?"

"नाही, नाव माहीत होतं ना." तिचे ओठ बारीक होते, पण उच्चार स्पष्ट, मला बघता येत होते. "आमचे पगार दहा-दहा दिवस लांबतात. विचारलं की सर म्हणतात, थांबा, आधी मॅडमचा निघू दे." मग थोडं हसून, आदबीने, अगदी मापात, "माझ्या आईचं औषध असतं दर महिन्याला. म्हणून म्हटलं, बघावं तरी कोण मॅडम आहेत त्या."

मी तिला काय सांगायचं होतं? की बाई गं, मलाही मिळत नाही? मी तोंड उघडलं आणि पगारवाली म्हणाली, "चहात साखर फार आहे." मुलीने कप उचलला. तिच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला दिसली. ती गेल्यावर मला वाटलं, मी आता उठून तिच्या मागे जाईन. बसून राहिले. इतकी वर्षं मी समजत होते की माझं कुणी देणं लागत नाही नि मी कुणाचं. कुणी माझ्याकडे बघून दातओठ खात असेल, माझ्या नावाने बोटं मोडत असेल, एवढी मोठी मी कधी झाले? आणि खोटं कशाला बोलू, त्या कडू घोटात एक थेंब गोडही होता. कुणीतरी मला श्रीमंत समजत होतं.

बोलावण्याच्या दिवशी सकाळी ह्यांनी मला स्वतःच्या हाताने गाडीचं दार उघडून दिलं. वरच्या ऑफिसातला बाकांचा लांब बोळ, भिंतींना खांद्याच्या उंचीवर माणसांनी टेकून टेकून उमटलेला मळकट पट्टा. हे उजवीकडे बसून हळूच पुन्हा पुन्हा सांगत होते. वाचते म्हण. हातभार लावते म्हण. जास्त बोलू नकोस. मग म्हणाले, "दुकान संध्याकाळपर्यंत उघडं असतं. मी फोन करून ठेवलाय." मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. काही दिवसांनी ह्या ओठांची गरज राहणार नाही, माझी पाठ असतानाही मला ऐकू येईल, डावीकडून कोण काय म्हणतं तेही. पाखरं. कुकरची शिट्टी होण्याआधीची ती बारीक सुरसुर. मुलगी फोनवर मैत्रिणीला माझ्याबद्दल काय सांगते. हवं होतं मला ते. एवढी ओढ मला लग्नातही लागली नव्हती.

आत अधिकारी म्हणून एक बाई होत्या. माझ्याच वयाच्या, केसांना रंग लावायचा सोडून दिलेल्या. डोकं दुखत असावं, दोन बोटांनी कपाळ चेपत होत्या. त्यांच्या ओठांवर मी नजर रोवून बसले आणि बाकीचं पगारवालीवर सोडलं. तिने मला एकदाही मान खाली घालू दिली नाही. काम, वेळ, टेबल. खिडकी मात्र तिने लावलीच, नसलेली खिडकी, आणि उन्हाला पडदा. म्हाताऱ्याची लिफ्टची तक्रार सांगितली तेव्हा बाई हसल्या. "आमच्या इमारतीतही तेच," म्हणाल्या, "दार उघडतच नाही मेलं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. कपाळावरची बोटं काढली. काम संपल्यावर माणसं जशी सैल होतात तशा त्या खुर्चीत मागे रेलल्या.

"बरं वाटतं हो असं कुणी बघितलं की," त्या म्हणाल्या. "नवऱ्याचं ऑफिस असलं तरी आपलं काम, आपला पगार. नाहीतर माझी सख्खी बहीण बघा. शिकलेली, चांगली शिकलेली. बसचं भाडं नवऱ्याकडे मागते. ते देईपर्यंत दारात उभी. मला इतका राग येतो तिचा, काय सांगू. नवऱ्याचा नाही येत. तिचाच येतो."

"येणारच," पगारवाली म्हणाली. "अशा बायकांना कणाच नसतो. मिळतंय ना आयतं, मग कशाला हातपाय हलवतील? आणि वर रडगाणं असतंच. कीव करून उपयोग नाही हो त्यांची."

"अगदी बोललात!" बाईंनी टेबलावर थाप मारली. "या तुम्ही. झालं तुमचं."

मी उठले. पर्स खांद्याला लावली. दार चार पावलांवर होतं, त्याच्या अर्धपारदर्शक काचेत ह्यांची सावली हलताना दिसत होती, एकदा इकडे एकदा तिकडे. सगळं झालं होतं. दोन्ही कानांना, सगळ्यात चांगलं, संध्याकाळपर्यंत. पण माझे पाय निघेनात. मला कुणी काही म्हटलं नव्हतं. नवऱ्याने म्हटलं असतं तर मी हसले असते, मुलीने म्हटलं असतं तर ऐकू न आल्यासारखं केलं असतं. इतकी वर्षं ते मी करत आले, त्यात माझा हात धरणारं कुणी नाही. पण हे मी म्हटलं होतं. माझ्या जिभेने, माझ्या दातांमधून, एवढ्या सफाईने, की क्षणभर मला ते पटलंही होतं. कण्याबद्दल. आयत्याबद्दल. पगारवाली दारापाशी जाऊन उभी होती, कडीवर हात ठेवून, माझ्याकडे बघत. तिच्या नजरेत काहीच नव्हतं. कामवालीला उशीर झाला की मी जशी बघते तशी ती बघत होती.

मी परत फिरले आणि खुर्चीत बसले.

"काय राहिलं?" बाईंनी दुसरा गठ्ठा पुढे ओढला होता.

"मी तिथे काम करत नाही," मी म्हटलं. माझा आवाज मला किती मोठा लागला ते कळलं नाही, तो अंदाज माझा राहिलेला नाही. "त्या ऑफिसात मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा गेले. तिथे खिडकी नाही. पगार माझ्या नावाने निघतो, मी तो पाहिलेला नाही. बँकेचं कार्ड ह्यांच्याकडे असतं. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजवाही चाललाय. आज इथे नीट खोटं बोलले तर यंत्र घेऊन देणार आहेत. तुमच्या बहिणीबद्दल मी आत्ता जे बोलले ते मागे घेते. मीही तशीच उभी असते."

मला वाटलं होतं त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी विरघळेल. त्यांचा चेहरा आवळला गेला. दुखणं परत आल्यासारखी दोन बोटं कपाळावर गेली.

"मग मघापासून काय चाललं होतं तुमचं? माझा वेळ फुकटचा आहे का?" त्यांनी माझा कागद पुन्हा उघडला, उलटा करून माझ्यासमोर सरकवला. "ह्या सह्या कुणाच्या?"

"माझ्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मग पुढचं कळतंय ना? हे खोटं तुमच्या नावावर आहे. मिस्टरांच्या नाही. जे काय व्हायचं ते तुमच्यावर येईल, आणि ते हात वर करतील. पुन्हा सांगते, ऐकू येतंय ना? अजून मी काही लिहिलेलं नाही. तुम्ही उठून गेलात तर मी काही ऐकलं नाही."

"येतंय ऐकू," मी म्हटलं.

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग घंटीवर हात ठेवला. "बाहेर आहेत ना ते? आत बोलावते. त्यांच्यासमोरच काय ते बोला."

"नको," मी म्हटलं. "ते आत आले की मी हसेन. आधी माझं लिहून घ्या."